‘हे खरेच घडले का?’

गेल्या वर्षावासात आपल्या विहारात रविवारचे ग्रंथवाचन आटोपल्यावर विद्यार्थ्यांसाठी तासभर कथा-कवितांचे वाचन आम्ही सुरू केले, हे सभासद बंधू-भगिनींना ठाऊक आहेच. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचून झाला की लहान मुलांना खाऊ देऊन घरी पाठवावयाचे आणि दहावीपुढची मुले-मुली व ज्यांना घाई नाही अशी ज्येष्ठ मंडळी मागे थांबावयाची, असा शिरस्ता पडला. मी काही साहित्याचा प्राध्यापक नव्हे. बँकेत कारकुनी करणारा, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस. पण वर्ग घेण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या वर्गात जो एक प्रश्न वारंवार विचारला गेला त्याविषयी या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत असे वाटले.

पहिल्या रविवारी आम्ही बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा वाचली. याच नावाचा त्यांचा कथासंग्रह 1963 साली प्रसिद्ध झाला आणि मराठी कथेचा चेहराच बदलला, असे आज सर्वमान्य आहे. नोकरीसाठी परमुलखात, उधन्याला गेलेला एक तरुण. रेल्वेतले काम, कवितेचे वेड, नव्या जगाची स्वप्ने. राहावयास जागा हवी म्हणून तो आपली जात सांगत नाही. भोवतालची माणसे त्याला मान देतात, त्याच्या बोलण्याने भारावतात, आणि तो मात्र दिवसेंदिवस आतून कोंडत जातो. शेवटी जात उघड होते आणि तो मार खातो. वाचन संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बारावीतल्या एका मुलाने हात वर केला व विचारले, “सर, हे खरेच घडले का? म्हणजे बागूलांच्या बाबतीत?”

मला उत्तर ठाऊक होते, आणि ठाऊक असलेले उत्तर देण्यात जे सुख असते ते घेऊन मी ते दिले. बागूल सुरतेकडे रेल्वेत नोकरीला होते, खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली होती, ती घुसमट सोसवेना म्हणून ते नोकरी सोडून परतले, ही हकीकत त्यांच्या चरित्रात येते. मुलाने ‘अच्छा’ म्हणून मान हलविली व पुस्तक मिटले. त्याच्यापुरती कथा संपली होती. घडले होते, बागूलांच्या बाबतीत घडले होते, सुरतेकडे घडले होते, आणि तेही साठ-सत्तर वर्षांपूर्वी!

घरी परतताना मला चुटपुट लागली. एक म्हणजे, त्या उत्तरात काशीनाथ सपकाळ कोठेच नव्हता. कथेत जात चोरणारा निवेदक आहे, तसाच जात न चोरणारा, उघडपणे सांगणारा आणि त्यापायी सर्वांशी दोन हात करणारा काशीनाथही आहे. निवेदक त्याला दुरून पाहतो, त्याची बाजू घ्यावीशी वाटूनही गप्प राहतो, आणि अखेरीस मार खाणाऱ्या निवेदकाला सोडविण्यास धावून येतो तो काशीनाथच. चरित्रात माणूस एक आणि कथेत दोन! माझ्या समजुतीप्रमाणे बागूलांनी एकाच मनाचे दोन भाग करून समोरासमोर उभे केले. एकाने चोरली, दुसऱ्याने चोरली नाही, आणि दोघांनाही सुख नाही. मार देणारी माणसे समोर असूनही निवेदकाला तो मार मनूचा वाटतो, येथपर्यंत कथा जाते. ‘होय, घडले’ एवढे सांगितले की हे सारे कारागिरीचे काम नजरेआड होते.

दुसरे कारण अधिक खाजगी आहे. माझी पहिली नेमणूक एका तालुक्याच्या गावी झाली होती. माझे आडनाव असे की त्यावरून चटकन काही कळत नाही. घरमालकांनी आडनाव विचारले, गाव विचारले आणि मग नुसतेच पाहत राहिले. मी म्हणालो, “बँकेत आहे.” त्यांना ते पुरले, की पुरल्यासारखे त्यांनी दाखविले, कोण जाणे. त्या खोलीत मी अकरा महिने काढले. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली होती. 14 एप्रिलला रजा टाकून मी घरी आलो, कारण खोलीत ती बाहेर काढता येत नव्हती. बागूलांची कथा मी त्याआधीच, महाविद्यालयात असताना वाचलेली होती. तिच्यावर टिपणही लिहिले होते, ‘लेखकाने भोगलेल्या वास्तवाचे दाहक चित्रण’ वगैरे. ते टिपण लिहिणाऱ्या हाताने मी ट्रंकेला कुलूप लावले. त्या रविवारी मुलाने विचारले तेव्हा माझ्या तोंडून सुरत निघाले. ते तालुक्याचे गाव निघाले नाही.

तेव्हापासून माझ्या मनात असे येते की लेखक आपल्या लेखनाविषयी जे सांगतो, ते ऐकण्याचे दोन प्रकार आहेत. एक ऐकून पुस्तक मिटावयाचे, दुसरा ऐकून पुन्हा उघडावयाचे.

आपल्या साहित्यिकांना मनोगते लिहावी लागली, भाषणे करावी लागली, त्याला कारणे होती. 2 मार्च 1958 रोजी मुंबईत दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा या लेखनाला साहित्य म्हणावे की नाही हाच वाद होता. पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी त्या वेळच्या औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ चालविले, त्याचे मेळावे भरविले. तेथे कवी कविता वाचीत आणि मग श्रोत्यांच्या प्रश्नांना तोंड देत. आपण का लिहितो, कोणासाठी लिहितो, अशीच भाषा का वापरतो, हे ज्याला कोणी विचारीत नाही अशा लेखकाला मनोगताची गरज नसते. आमच्या लेखकांना ते पदोपदी विचारले गेले. त्यांनी उत्तर दिले, ‘आम्ही जगलो ते लिहिले.’ ते खरेच होते आणि त्या काळी ते सांगणे आवश्यकही होते.

परंतु या उत्तराचा पुढे सोयीस्कर उपयोग झाला. इतरांची कथा ती ‘कलाकृती’ आणि आमची कथा तो ‘अनुभव’, फार तर ‘सामाजिक दस्तऐवज’, अशी वाटणी झाली. बाजारातली गाईडे उघडून पाहावीत. दाहक, जळजळीत, भेदक, विदारक या चार विशेषणांवर आमची पन्नास वर्षांची कथा-कविता निकालात निघते. विस्तवाविषयी सारे बोलतात, चूल कोणी मांडली हे कोणी विचारीत नाही.

अण्णा भाऊंचेच पाहा. एका कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटले आहे की आपण जगलेले, पाहिलेले तेवढेच लिहितो, कल्पनेचे पंख लावून उडणे आपल्याला जमत नाही. त्या बाबतीत त्यांनी स्वतःला बेडूक म्हणवून घेतले आहे. हे वाक्य भाषणांतून फार वापरले जाते. आता त्यांची ‘स्मशानातील सोनं’ घ्या. वारणेकाठचा पैलवान भीमा पोटासाठी मुंबईस येतो, दगडाच्या खाणीत कामाला लागतो, खाण बंद पडते. मग तो रात्री स्मशाने धुंडाळू लागतो, मढी उकरून त्यांच्या अंगावरचे, तोंडातले सोने काढू लागतो. एके रात्री कोल्ह्यांच्या टोळीशी एकाच प्रेतावरून त्याची झुंज होते. अखेर त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात, ती कापावी लागतात, आणि त्याच वेळी कळते की खाण पुन्हा सुरू झाली. पहाड फोडणारा हात निकामी झाला तेव्हा पहाड फोडावयाचे काम आले! हे कोणी ‘जगलेले’ आहे काय? अण्णा भाऊंनी मुंबईत गिरण्या पाहिल्या, झोपडपट्टीत दिवस काढले, बेकारी सोसली. पण कोल्ह्यांची ती झुंज आणि शेवटची ती क्रूर कलाटणी रचलेली आहे, आणि रचली म्हणून तर बेकारीचे सत्य इतके नेमके उतरले. स्वतःला बेडूक म्हणणाऱ्याने गरुडासारखी झेप घेतली आहे. लेखक स्वतःविषयी विनयाने बोलला, किंवा त्या वेळच्या वादात एक बाजू घेऊन बोलला, तर आपण त्याच्या कथेपेक्षा त्याच्या विनयावर अधिक विश्वास ठेवावा असे थोडेच आहे?

कवितेच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच लंगडा पडतो. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ 1972 साली आला, त्याला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेची हकीकत विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. तेंडुलकरांसारखा भाषेचा जाणकार, पण कवितेतले कितीतरी शब्द त्यांना अडले. त्यांनी कवीला अर्थ विचारले, आणि तेवढ्यावर न थांबता त्याच्याबरोबर त्या वस्तीत रात्री फिरूनही आले. हे मोठेपणाचे आहे. कवीने अर्थ सांगितले, वस्ती दाखविली. पण वस्ती पाहिली म्हणजे कविता कळली असे होत नाही. कामाठीपुऱ्याच्या त्या भागात हजारो माणसे राहत होती. गावाकडची महारवाड्यातली बोली, मुंबईच्या गल्ल्यांतली भाषा, शाळेतली छापील मराठी आणि थेट ग्रंथांतले संस्कृत शब्द एकाच ओळीत एकमेकांवर आदळविणारा त्यांत एकच निघाला. आमच्या वर्गात ही कविता वाचताना एक अडचण आली, ती मोकळेपणाने सांगतो. काही शब्द मुलींसमोर उच्चारावेत की नाही यावर कुजबूज झाली. शेवटी एका विद्यार्थिनीनेच पुस्तक हाती घेऊन वाचून दाखविले. ज्येष्ठ मंडळी खाली पाहत होती, ती मात्र अडखळली नाही.

लेखकाने स्वतःच्या लेखनाविषयी सांगितलेले ऐकून पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटते, याचे मला सापडलेले उत्तम उदाहरण ऊर्मिला पवार यांचे आहे. ‘सहावं बोट’ (1988) आणि ‘चौथी भिंत’ (1990) हे त्यांचे कथासंग्रह, आणि 2003 साली आलेले ‘आयदान’ हे आत्मकथन. कोकणात आपले लोक बांबूच्या टोपल्या, सुपे, करंड्या विणीत. अशा विणलेल्या वस्तूला आयदान म्हणतात. वडील गेल्यावर मुलांचे शिक्षण सुटू नये म्हणून आई रत्नागिरीत राहिली आणि आयदाने विणून तिने घर चालविले. आईच्या त्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचे नाते आहे, दोन्हींची वीण एकच आहे, अशा आशयाचे ऊर्मिलाताई ‘आयदान’च्या आरंभी सांगतात.

वरवर पाहता हेही ‘अनुभवा’चेच बोलणे वाटेल. पण ज्याने टोपली विणताना पाहिली आहे त्याला त्यातले मर्म कळेल. माझी आजी विणीत असे. बांबू फोडावयाचा, त्याच्या कामट्या काढावयाच्या, त्या सारख्या जाडीच्या व्हाव्यात म्हणून कोयतीने तासावयाच्या, आणि मग बुडापासून एक वर एक खाली घालीत जावयाचे. एक कामटी चुकली तर वरपर्यंत वाकडे जाते. कामटी बोटात घुसते, रक्त येते. पण टोपली विकत घेणारी बाई रक्त किती आले ते पाहत नाही, ती टोपली उजेडाकडे धरून वीण पाहते. ऊर्मिलाताईंनी आपल्या लेखनाला ‘जखम’ म्हटले नाही, ‘वीण’ म्हटले, याला महत्त्व आहे. त्यांची ‘कवच’ ही कथा हे मनात ठेवून वाचावी. बाजारात आंबे विकणारी आई, तिच्या मालावरून द्व्यर्थी बोलणारी गिऱ्हाइके, आणि ते सारे ऐकून लाजेने मरणारा तिचा शाळकरी मुलगा. कथा आईची, पण ती मुलाच्या नजरेतून विणली आहे. मुलगा समजतो की आईला त्या बोलण्याचा अर्थ कळत नाही. आईला तो कळतो हे वाचकाला हळूहळू उमगते, आणि मग तिची तिखट जीभ हेच तिचे कवच आहे हे ध्यानात येते. हीच हकीकत आईच्या तोंडून सरळ सांगितली असती तर तक्रार झाली असती.

आमच्या वर्गातील एका ज्येष्ठ आयुष्मानांनी येथे एक हरकत घेतली आणि ती बिनतोड वाटावी अशी होती. ते म्हणाले, “तुम्ही या प्रश्नाला नावे ठेवता, पण ‘हे खरेच घडले का?’ हा तर बाबासाहेबांचाच प्रश्न आहे.” गोष्ट खरी आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी जे चार प्रश्न मांडले, त्यांतला पहिलाच असा आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने परिव्रज्या घेतली हे कसे पटावे? एकोणतीस वर्षांच्या माणसाने ही नित्याची दृश्ये तोवर पाहिलीच नव्हती काय?

यावर मी एक आठवडा विचार केला. बाबासाहेबांनी तो प्रश्न विचारला तो, परंपरा जे इतिहास म्हणून सांगत होती त्याला. आणि प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवून त्यांनी सारी कथा नव्याने उभी केली. शिवाय हे प्रश्न आपण वाचकांनी पुढे येऊन सोडवावेत म्हणून मांडीत आहोत, असेही त्यांनी लिहिले. ग्रंथकर्त्याने स्वतःच्या ग्रंथाविषयी बोलावे कसे, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

त्याच सुमारास आम्ही हिरा बनसोडे यांची ‘यशोधरा’ ही कविता वाचली. सिद्धार्थाच्या त्यागाचे गोडवे सर्वांनी गायिले, पण मागे राहिलेल्या यशोधरेच्या त्यागाला कोणी जागा दिली नाही, असा तिचा भाव आहे. पुन्हा तेच आयुष्मान उठले. बाबासाहेबांच्या ग्रंथातील यशोधरा रडत बसत नाही, ती पतीच्या निर्णयाला संमती देते, राहुलला सांभाळावयाचे आहे म्हणून केवळ मागे राहते. मग ही कविता धम्माला धरून आहे काय? वातावरण थोडे तापले. ‘गोलपिठा’ वाचणारी विद्यार्थिनी म्हणाली, “काका, तिने संमती दिली हे खरे. पण संमती देणाऱ्याला दुःख होत नाही असे बाबासाहेबांनी कोठे लिहिले आहे?” काकांनी ग्रंथ उघडला, तो प्रसंग शोधला आणि सर्वांना मोठ्याने वाचून दाखविला. मग कविता पुन्हा वाचली गेली. निकाल काही लागला नाही. पण त्या दिवशी कवयित्रीच्या चरित्राविषयी कोणी एक शब्द विचारला नाही, आणि दोन्ही पुस्तके मात्र उघडी होती.

अलीकडच्या लेखनाविषयी विस्ताराने लिहिण्यास येथे जागा नाही. नाशिकचे कवी अरुण काळे यांचा ‘नंतर आलेले लोक’ (2006) आम्ही थोडासाच वाचला. जागतिकीकरणाने बदललेल्या जगात आमचा माणूस उशिरा पोचतो तेव्हा काय होते, हे त्यात आहे. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला ते फार जवळचे वाटते. गौतमीपुत्र कांबळे यांच्या ‘परिव्राजक’मधील कथा तर दृष्टान्तासारख्या आहेत. तेथे ‘हे खरेच घडले का?’ हा प्रश्न विचारण्याची सोयच लेखकाने ठेवलेली नाही. मुलांना त्या प्रथम कोरड्या वाटल्या, आणि खरे सांगावयाचे तर मलाही वाटल्या. दुसऱ्या वाचनात त्या उलगडू लागल्या.

अश्विन पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारा तो मुलगा वहीची चार पाने घेऊन आला. त्याने स्वतः कथा लिहिली होती. एका सोसायटीत घरकाम करणारी बाई, तिला लिफ्टने जाण्यास मनाई असते, ती रोज सात जिने चढते आणि प्रत्येक मजल्यावर तिच्या आयुष्यातले एक एक वर्ष तिला भेटते, अशी. सातव्या मजल्यावर काय होते ते मी येथे सांगत नाही, कारण ती कथा तो पाठविणार आहे. वाचन संपताच मागून आवाज आला, “ही तुझी आत्या ना रे? ती कामाला जाते तीच इमारत ना?” मुलगा गोंधळला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या पानांकडे पाहिले.

“तिसऱ्या मजल्यापासून पुन्हा वाचू का?” त्याने विचारले.